रंगाआधीचा माणूस

अकरा वर्षं आम्ही एकाच शेडमध्ये काम केलं, आणि त्या अकरा वर्षांत अण्णांनी मी मारलेला रंग एकदाही पाहिला नव्हता. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही. सुरुवातीला तक्रार होती, मग सवय झाली, आणि पुढं पुढं तर गिऱ्हाइकांना मीच ही गोष्ट तिखटमीठ लावून सांगायला लागलो.

गाडीची बॉडी रंगाला तयार करायचं काम अण्णांचं आणि रंग मारायचं माझं. माझं शेड हिंडलगा रोडला. तिथं गाडी आली की अण्णा तिला ताब्यात घेत. घासायची, खळगे लांबीनं, म्हणजे पुट्टीनं, भरायचे, पुन्हा घासायची, प्रायमर चढवायचा, पुन्हा पाण्याचा कागद मारायचा, म्हणजे घासकागद ओला करून फिरवायचा. सगळी गाडी एकसारखी राखाडी झाली की ते हात धुऊन मला म्हणायचे, "घे. तुझी." दुसऱ्या दिवशी मी रंगाची गन हातात घ्यायच्या आत अण्णा सकाळच्या रेल्वेनं लोंढ्याला गेलेले असत. लोंढा जंक्शनच्या एका ठरलेल्या बाकावर बसून दिवसभर येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या बघायच्या, तिथंच चहा-वडा खायचा आणि संध्याकाळी परत यायचं. परत आले तरी रंगवलेली गाडी मागच्या खोलीत, दार बंद. त्या दाराकडं पाठ करून ते पुढच्या गाडीला लागत.

एकदा मी विचारलंच, "अण्णा, एवढं काय रंगाचं वाकडं?"

"वाकडं न्हाय रं," ते म्हणाले. "रंग आला की समदी रंगाचंच बोलत्यात. मला राग येतोय. रागात कागद नीट चालत न्हाय. त्यापेक्षा लोंढा बरं."

त्यांचं नाव मी इथं घालत नाही. गाडीच्या मागच्या काचेवर माझ्या शेडचं स्टिकर लागायचं, त्यावर त्यांचंही नाव छापूया म्हणालो होतो, तर म्हणाले, "नाव वर ऱ्हातंय. माझं काम खाली हाय." म्हणून इथंही ते नुसते अण्णाच.

माणूस दिसायला किरकोळ. अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, दुमडलेली पँट, आणि चष्मा कायम खिशात. काम करताना तो डोळ्यांवर कधी चढायचा नाही, कारण काम करताना डोळेच बंद असायचे. गाडीच्या अंगावरून हात फिरवताना ते डोळे मिटून घेत आणि मान जरा तिरकी करत. "डोळा लबाड हाय," म्हणायचे. "उजेड बदलला की पार्टी बदलतोय. हात तसा न्हाय."

आणि हात तरी नुसता कुठं. हाताखाली वीतभर कापडाचा तुकडा असायचा. अण्णा वडगावच्या विणकरांच्या घरातले. हातमागावर त्यांच्या आईनं विणलेल्या शेवटच्या सुती लुगड्याचा तो तुकडा. तो रोज संध्याकाळी ते स्वतः धुवत आणि शेडमधल्या दोरीवर वाळत घालत, आणि त्या दोरीच्या आसपास फिरकायची कुणाची टाप नव्हती. उघडा तळवा पत्र्याला चिकटतो, अडखळतो. मधे पातळ कापड असलं की हात सरकतो आणि नखाएवढा खळगासुद्धा बोटांना कळतो. हे मी करून पाहिलंय. मला चार खळगे सापडले, तिथं अण्णांना एकोणीस सापडले होते. मागावर असताना तुटलेला धागा असाच हातानं हुडकायचा, हे त्यांच्या चुलत्यानं शिकवलेलं. पुढं गल्लीत यंत्रमाग आले, त्यांचा खडखडाट अण्णांना सोसला नाही, आणि ते माग सोडून गाड्यांकडं वळले.

चुलत्यानं मोजायलाही शिकवलं होतं, ते कानडीत. त्यामुळं कागद मारताना अण्णांचं ओंदु, येरडु, मूरु असं शंभरापर्यंत चालायचं. शंभर झाले की दिशा बदलून पुन्हा ओंदु. शिव्या मात्र सगळ्या मराठीत, आणि त्याही माणसाला नाहीत, कागदाला.

हातांची काळजी तर विचारूच नका. साबण नाही, हरभऱ्याच्या पिठानं हात धुणं. डोक्याला तेल नाही. कुणी हात मिळवायला आला की अण्णा लांबूनच नमस्कार करत, कारण समोरच्यानं सकाळी भजी खाल्ली असतील तर काय घ्या. नरकचतुर्दशीला घरच्यांच्या धाकानं तेल लावून घ्यावंच लागे, तेव्हा पुढचे दोन दिवस ते शेडच्या उंबऱ्याबाहेर बसून सूचना द्यायचे.

या हातापायी आम्ही एकदा बेळगुंदीतून लाडू न खाता परत आलोय. लग्न होतं. मांडवाबाहेर नवऱ्या मुलाची फुलांनी सजवलेली गाडी उभी होती. अण्णांचा हात खिशात गेला, कापड बाहेर आलं, आणि मी नको नको म्हणेपर्यंत ते डाव्या दारावरून फिरलंसुद्धा.

"हिनं डाव्या अंगाला मार खाल्लाय," अण्णा म्हणाले. "दार नवीन हाय. खालची पट्टी जुनी हाय."

नवऱ्या मुलाचा मामा शेजारीच उभा होता. गाडी त्यानंच महिन्यापूर्वी घेतलेली, एकसुद्धा ओरखडा नसलेली म्हणून. त्यानं तिथल्या तिथं विकणाऱ्याला फोन लावला, आणि फोन वाजला तो पंगतीतच. विकणारा आमच्या समोर बसून मठ्ठा पीत होता. पुढं काय झालं ते बघायला आम्ही थांबलो नाही. परत येताना मी गाडी चालवत होतो आणि अण्णा शांतपणे म्हणाले, "पण लांबी बरी भरली हुती. कुणी भरली असंल?"

तर असा हा माणूस. आता निपाणीच्या मास्तरांची गाडी सांगतो, कारण अण्णा खरे कोण ते मला त्या गाडीनं दाखवलं.

मास्तर निपाणीच्या एका शाळेत वर्कशॉपचा विषय शिकवायचे. चाळीस वर्षं पोरांकडून चौकटी आणि स्टूल करून घेतले, आणि निवृत्त झाल्यावर स्वतःसाठी एक गाडी करायला घेतली. सांगाडा स्वतः जोडला, जुन्या जीपचं इंजिन बसवलं. त्यावर चढवायला कोईमतूरच्या एका कारागिराकडून फायबरची बॉडी मागवली. दोन माणसांची, बिनटपाची, लांब नाकाची. नऊ वर्षं हे चाललेलं. रस्त्यावर फिरवायचा परवाना मिळणं अवघड आहे हे त्यांना ठाऊक होतं. "रस्त्यावर कशाला?" ते म्हणाले. "शाळेच्या मैदानात एक फेरी मारली की झालं."

मार्चमध्ये टेम्पोतून ती बॉडी आमच्याकडं आली. मास्तरांनी सोबत वर्तमानपत्रात गुंडाळून तंबाखूचं एक पान आणलं होतं, नुकतं वाळलेलं, सोनेरी तांबूस. "हा रंग," म्हणाले. मी ते पान शेडच्या भिंतीवर टाचणीनं लावून ठेवलं आणि त्याच दिवशी त्या पानासमोर बसून रंग जुळवला, कारण पान पुढं बदलणार हे मला माहीत होतं. जुळवलेला रंग डब्यात बंद केला आणि वर तारीख टाकली.

फायबरची बॉडी आम्हाला नवीनच होती. पत्रा ठोकून सरळ करता येतो, फायबरला ठोकलं तर तडा जातो. शिवाय बॉडी सुटावी म्हणून साच्याला आतून मेण लावलेलं असतं, ते तिच्या अंगावर तसंच राहतं. मी म्हटलं, कागद मारूया, मेण आपोआप निघेल. अण्णांनी माझ्याकडं असं बघितलं की मी कागद खाली ठेवला. "घासलंस तर मेण आत जातंय. साच्यातनं आत्ताच भाईर आलीय ती, आधी न्हाऊ घाला तिला." मग तीन दिवस गरम पाणी आणि भांड्यांची पावडर.

बॉडीच्या आतल्या बाजूला हात लावला आणि अण्णा थबकले. बराच वेळ चाचपत राहिले. मग मला बोलावलं. "हे कापडच हाय रं. काचेचं सूत हाय, पण विणलंय आडवं-उभंच." त्या दिवशी ते इतके खूश होते की दुपारचा डबासुद्धा त्यांनी त्या बॉडीशेजारी बसून खाल्ला. वडगावातला माग सुटला, पण कापडानं त्यांना शेवटी गाठलंच.

न्हाणं झाल्यावर त्यांनी ती बॉडी अंगणात उन्हात ठेवली. एक-दोन दिवस नाही, चाळीस दिवस. येणारे-जाणारे विचारायचे, पापड घातलेत काय. मीही वैतागलो. अण्णा म्हणायचे, "तिला काय कुरकुर करायची हाय ती रंगाच्या आधी करू दे." आणि तीस दिवसांनी तिनं खरोखरच कुरकुर केली. गुळगुळीत पाठीवर आतल्या विणीच्या बारीक रेघा उमटल्या. आम्ही मार्चमध्येच रंग मारला असता तर त्या रेघा रंगातून वर आल्या असत्या. या माणसाबरोबर काम करतो याचा मला फार अभिमान वाटला.

मास्तर दर शनिवारी बसनं यायचे. आले की अण्णा त्यांना डोळे मिटायला लावत, हातात ते कापड देत आणि त्यांच्या मनगटाला धरून बॉडीवरून फिरवत. "काय लागतंय?" "काही नाही." "परत." "इथं जरा खाली गेल्यासारखं..." "आता कसं." ते कापड अण्णांनी मलासुद्धा एकदाच हाताळू दिलं होतं, आणि मास्तरांच्या हातात मात्र दर शनिवारी. मला वाटायचं, म्हातारपणी त्या बिचाऱ्या शिक्षकाला विद्यार्थी करून अण्णा जुना कसला तरी सूड उगवताहेत.

जूनच्या सुरुवातीला मास्तरांनी मला बाजूला घेतलं. त्यांना काचबिंदू होता. उजवा डोळा गेलेलाच होता, आणि डाव्यातही आता मधली तेवढी जागा उरली होती. किती दिवस टिकेल ते डॉक्टरांना सांगता येत नव्हतं.

"पूर्ण झालेली एकदा बघायची एवढंच मनात आहे," मास्तर म्हणाले. "पण अण्णांना सांगू नका. उगीच घाई करतील."

अण्णा आणि घाई, हे ऐकून मला हसू आलं आणि लगेच ते गिळावं लागलं. त्या दिवसापासून माझी घालमेल सुरू झाली. पावसाळाभर अण्णा सांधे घासत होते, सुईच्या टोकाएवढी भोकं एकेक करून भरत होते, बारीक तडे उलट खोल करून मग बुजवत होते. हवेत पाणी आहे म्हणून प्रायमरला हात लावायला तयार नव्हते. मी रोज मनात मास्तरांचा डावा डोळा मोजत होतो. गणपती गेले, ऊन पडलं, प्रायमर चढला. नवरात्रापर्यंत अखेरचा कागद मारून झाला आणि गाडी राखाडी, एकसारखी, तयार झाली. दसऱ्यानंतर रंग मारायचा ठरलं.

खंडेनवमीला अण्णा दरवर्षी वडगावात असायचे. घरी एक जुना माग ठेवलेला आहे, त्याची पूजा असते. जाताना म्हणाले, "मी येईपर्यंत गाडीला कुणी हात लावायचा न्हाय."

आता खंडेनवमीला आमच्याकडं कुठल्याच शेडमध्ये काम होत नाही, होते ती पूजा. कंप्रेसर, गन, पाने, पक्कड, सगळं धुऊन पुसून मांडायचं. उभ्या असतील त्या सगळ्या गाड्यांना हळदकुंकू, झेंडूची माळ, चाकाखाली लिंबू. सगळ्यांचं झालं आणि मास्तरांची गाडी तेवढी कोपऱ्यात कोरडी राहिली. ते मला बघवेना. मास्तरांच्या डोळ्यांचंही मनात होतं. हात लावू नको असं अण्णा म्हणाले होते, पण देवाचं करणं म्हणजे काही हात लावणं नव्हे, अशी मी माझी समजूत घातली. त्या गुळगुळीत बोनेटवर कोरडं कुंकू ठरेना, म्हणून समईतलं तेल त्यात कालवलं आणि करंगळीनं झकास स्वस्तिक काढलं. वर हात जोडून मास्तरांसाठी मागणंही मागितलं.

दसऱ्याच्या सकाळी मला धास्ती वाटली. मी फडक्यावर थिनर घेऊन स्वस्तिक पुसून काढलं. लगेच निघालं. मग नुसतं बोनेट वेगळं दिसायला नको म्हणून त्याच फडक्यानं सगळी गाडी पुसून घेतली. अठरा वर्षं रंगात काढलेल्या माणसानं हे केलं, हे लिहितानाही मला लाज वाटते.

दोन दिवसांनी अण्णा आले. रंगाआधीची त्यांची शेवटची परीक्षा पाण्याची असायची. तांब्याभर स्वच्छ पाणी वरून हळू सोडायचं. अंग निर्मळ असेल तर पाणी एकसंध पसरून खाली उतरतं. कुठं तेलकट असेल तर तिथून ते मागं सरतं. त्यांनी बोनेटवर पाणी सोडलं. पाणी पसरलं, आणि बघता बघता मधोमध फाटलं. चार बाजूंना चार काड्या सोडून ते बाजूला झालं, आणि मी पुसलेलं स्वस्तिक जसंच्या तसं तिथं उमटलं. अण्णांनी दारावर पाणी सोडलं, तिथं फडक्याचे फराटे उठले. मागच्या बाजूला सोडलं, तिथंही तेच. कुंकू निघालं होतं, पण तेल प्रायमरमध्ये मुरलं होतं, आणि उरलेलं मी फडक्यानं सगळीकडं पसरवलं होतं.

"काय झालंय हितं?" त्यांनी विचारलं.

मी सगळं सांगितलं. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी स्टूल ओढलं आणि बसले.

"तेल कुठलं?"

"खोबरेल."

"खोबरेल," ते म्हणाले, जणू तिळाचं असतं तर काही तरी करता आलं असतं.

तेलावर रंग मारला की तो जागोजागी मागं सरतो आणि बारीक खळगे पडतात. रंगात चार थेंब टाकले की खळगे पडत नाहीत असं एक औषध बाजारात मिळतं, ते आणतो म्हणालो.

"आज खळगं पडणार न्हाईत. पण दोन वर्सांनी रंग सुटंल. तवा मास्तरांना दिसणार न्हाय ते, पण हाताला लागंल."

मी त्यांच्याकडं बघतच राहिलो. "तुम्हाला कुणी सांगितलं डोळ्याचं?"

"सांगाय कशाला पायजे? मार्चमधी आलते तवा पायरी बघून चढले. वैशाखात चाचपून चढले." ते उठले आणि दोरीवरचं कापड काढून खिशात घातलं. "म्हणून तर हात शिकवालोय त्यांचा. लई उशीर झाला सुरवात कराय."

इतके शनिवार माझ्या समोर काय चाललं होतं ते मला तेव्हा कळलं. मी चरफडत होतो, मनातल्या मनात अण्णांना नावं ठेवत होतो, आणि अण्णा एका वेळी दोन कामं तयार करत होते.

मास्तरांना फोन मीच केला. माझीच चूक आहे, सगळं उतरवून पुन्हा करायचं तर महिना जाईल, तसाच रंग मारला तर चार दिवसांत गाडी बघायला मिळेल, असं सगळं एका दमात सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं,

"अण्णा काय म्हणतात?"

"उतरवायचं म्हणतात."

"मग उतरवा," मास्तर म्हणाले. "मला बघायला मिळावी म्हणून गाडी खराब करू नका."

अण्णांनी त्या दिवशी पहिल्यांदा माझ्या हातात कागद गुंडाळलेली घासायची फळी दिली. मी गन धरणारा माणूस, मला वाटायचं घासणं हे हलकं काम. दुसऱ्या दिवशी माझे खांदे वर जाईनात. पहिल्यांदा सगळी गाडी साबणानं धुतली, मग प्रायमर थराथरानं उतरवला, एका बाजूनं मी आणि एका बाजूनं अण्णा, आणि दोघांचं मोजणं ते एकटेच करत होते. मी कुठं जोर लावला की मोजता मोजताच म्हणायचे, "घासू नको. फिरीव." मधे दिवाळी आली. त्या वर्षी नरकचतुर्दशीला अण्णांनी डोक्याला तेल लावलं नाही, दोन दिवस बाहेर बसायला वेळ नव्हता म्हणून. आक्का, म्हणजे अण्णांच्या पत्नी, ते मला अजून बोलून दाखवतात.

पुन्हा प्रायमर, पुन्हा कागद. मग पाणी. या वेळी तांब्यातून सुटलेलं पाणी बोनेटवर पसरलं आणि न फाटता, न थांबता, एका ओढणीसारखं खाली उतरलं. अण्णांनी मागं-पुढं, दोन्ही दारांवर, सगळीकडं सोडून बघितलं. मग हात धुतले. "घे. तुझी."

दुसऱ्या दिवशी ते लोंढ्याला गेले आणि मी मार्चमध्ये जुळवून ठेवलेला डबा उघडला. मी आयुष्यात एवढ्या काळजीनं रंग मारलेला नाही, आणि आयुष्यात एवढं चांगलं अंग मला रंगवायला मिळालेलंही नाही. गनमधून सुटलेला रंग त्या गाडीवर बसत नव्हता, तिच्यात जाऊन निवांत टेकत होता.

पुढं ती गाडी शाळेच्या मैदानात फिरली. मास्तरांची मुलगी चालवत होती, ते शेजारी होते, सगळी शाळा टाळ्या वाजवत होती. फोटो माझ्या शेडमध्ये लावलेला आहे आणि येणारा प्रत्येक जण विचारतो, रंग कुणी मारला. रंग मी मारला, मी सांगतो, गाडी अण्णांनी केली. पण मला मैदानापेक्षा त्याच्या आधीची सकाळ जास्त आठवते, मास्तर गाडी न्यायला आले ती.

मी शेड उघडायला गेलो तर अण्णा आधीच येऊन बसलेले. रंगवलेली गाडी खोलीत असताना ते असे आपण होऊन कधी यायचे नाहीत. स्टुलावर, खोलीकडं पाठ करून. मास्तरांना मुलीनं धरून आणलं. मी खोलीचं दार उघडलं, दिवे लावले. मास्तर दारात येऊन थांबले. त्यांचं तोंड गाडीच्या जरा डावीकडं होतं.

"उजेड आहे हे कळतंय," ते म्हणाले. "काही तरी पिवळसर. गाडी कुठं आहे?"

अण्णा उठले. खिशातून ते कापड काढलं, दातांत धरलं आणि मधोमध फाडलं. अर्धं स्वतःकडं ठेवलं आणि अर्धं मास्तरांच्या हातात दिलं.

"चला मास्तर."

दारातून आत येताना अण्णांनी डोळे मिटून घेतले. रंग बघायचा नाही म्हणजे नाही. डोळे मिटलेला एक म्हातारा दिसत नसलेल्या दुसऱ्या म्हाताऱ्याच्या मनगटाला धरून गाडीभोवती फिरू लागला. दार, मागचा गोल, दुसरं दार, पुढच्या चाकाची कमान. फक्त कापडाचा आवाज येत होता. मास्तरांचा हात आता चाचपत नव्हता, सरळ चालत होता. फेरी पुरी होता होता तो बोनेटवर आला आणि मधोमध थांबला.

"इथं काही तरी आहे."

अण्णांचं कापड तिथं गेलं. त्यांचा चेहरा एकदम उजळला. असं त्यांना हसताना मी क्वचितच पाहिलंय.

"बरोबर. धुळीचा कण हाय. रंगातलं हाय ते, खालचं न्हवं," आणि हात माझ्या दिशेनं करून म्हणाले, "रंग त्याचा."

मी ओशाळून म्हणालो, दोन मिनिटांचं काम, आत्ता घासून काढतो.

"राहू द्या," मास्तर म्हणाले. "बोनेटचा मध्य कळतो त्यानं." त्यांनी बोट तिथंच ठेवलं. "अण्णा, आता रंग कसा झालाय ते सांगा."

"ह्यालाच विचारा की."

"त्यांनी मारलाय. ते चांगलाच म्हणणार. मला तुमच्याकडून ऐकायचंय."

मुलगी माझ्याकडं बघायला लागली, मी खाली बघायला लागलो. मग अण्णांनी खिशातला चष्मा काढला, शर्टाला पुसला, डोळ्यांवर चढवला आणि डोळे उघडले. अकरा वर्षांत पहिल्यांदा ते माझ्या रंगाकडं बघत होते. बोनेटवरून नजर दारावर गेली, मागं गेली, परत आली. नंतर ते मागं वळले आणि उघड्या दारातून शेडच्या भिंतीवर टाचलेल्या पानाकडं त्यांनी बघितलं.

"मास्तर," ते म्हणाले, "भितीवरचं पान आता काळं पडलंय. तुमी मार्चमधी आणलं तवा ते जसं हुतं, तसा हाय रंग. तंतोतंत."

मास्तरांनी मान हलवली.

"मग बघितलाय मी," ते म्हणाले.